कोचच्या प्रस्तावावर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र:

"अंबड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी १९८९ साली दोन लेथवर सुरू केलं, आज ११० माणसं कामाला आहेत. मी ४६ वर्षांचा. उत्पादन आणि ग्राहक मी बघतो, धाकटा भाऊ हिशेब आणि बँक बघतो. वर्षभरात आधी क्वालिटी मॅनेजर सोडून गेला, मग प्रॉडक्शन मॅनेजर. दोघांनीही 'घरगुती कारण' सांगितलं. नंतर कानावर आलं की साहेबांसमोर तोंड उघडायची सोय नाही, असं ते म्हणत होते. पाच हजारांवरची प्रत्येक खरेदी माझ्या सहीने होते. रात्री अकरापर्यंत फोन चालू असतो. सकाळी साडेआठच्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढतो. मला ते कळतं, पण तोपर्यंत बोलून झालेलं असतं. बायको म्हणते, तुम्ही घरी असूनही घरी नसता. हल्ली पहाटे तीनला जाग येते ती येतेच.

आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या पर्चेस हेडने एक एक्झिक्युटिव्ह कोच सुचवला आहे. तो त्यांच्या कंपनीतही काम करतो. सहा महिन्यांत एकेक तासाची १२ सत्रं, ३,६०,००० रुपये अधिक जीएसटी, सगळे आगाऊ. याने खरंच काही होतं, की नुसत्या गप्पा? कामगारांना कळलं तर ते काय म्हणतील? आणि चांगला कोच ओळखायचा कसा?" – एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रावरून वाटतं की कोचिंगचा तुम्हाला उपयोग होईल. 'मला कळतं, पण तोपर्यंत बोलून झालेलं असतं' हे वाक्य ज्याला लिहिता येतं, त्याच्याबरोबर कोचला काम करता येतं. पण समोर आलेल्या प्रस्तावावर आहे तशी सही करू नका. त्यात तुमच्या माणसांना कुठेच जागा नाही, आणि कोच तुमच्या ग्राहकाच्या ओळखीतून आला आहे. दोन्हींवर उपाय आहे. त्याआधी तुमच्या तक्रारींची वाटणी करू, कारण त्या सगळ्याच कोचच्या कामाच्या नाहीत.

पाच हजारांच्या सहीचंच बघा. त्यासाठी कोच लागत नाही, एक कागद लागतो. खर्चाचे प्रकार लिहा: इन्सर्ट आणि टूलिंग, मशीनची दुरुस्ती, गेज आणि कॅलिब्रेशन, वाहतूक, किरकोळ. प्रत्येकासमोर कोणी कितीपर्यंत स्वतः ठरवायचं ते लिहा. तुमच्या आकाराच्या शॉपमध्ये टूलिंगला प्रॉडक्शन मॅनेजरला २५,००० आणि दुरुस्तीला मेंटेनन्सवाल्याला १५,००० इथून सुरुवात करायला हरकत नाही. आकडे तुम्ही आणि भाऊ मिळून ठरवा. त्याखाली दोघांच्या सह्या असू द्या, नाहीतर एकाने दिलेला अधिकार दुसरा बिल पास करताना काढून घेतो. खर्चाचा तक्ता शनिवारी एकदाच बघायचा. हा कागद बहुतेक ठिकाणी एकाच वाक्याने मरतो: "घ्या तुम्ही, फक्त मला एक फोन करा." फोन आला की मालक भाव विचारतो, भाव विचारला की दुसरा सप्लायर सुचवतो, आणि दोन आठवड्यांत माणूस पुन्हा सहीसाठी दारात उभा राहतो.

आता कागद झाला, सह्या झाल्या, आणि तरीही १२,००० च्या बिलाबद्दल तुम्ही रात्री नऊला फोन लावलात, तर तो फोन मात्र कोचिंगचा विषय आहे. काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं आणि तरीही हातून होत नाही, ती जागा कोचच्या कामाची. माहिती नसेल तर कन्सल्टंट किंवा ट्रेनर बोलवावा. या धंद्यातल्या अनुभवी माणसाचं मत हवं असेल तर मेंटर गाठावा. कोच तुमच्या जागी निर्णय घेत नाही आणि शॉप कसं चालवायचं हेही सांगत नाही. तो प्रश्न विचारतो, तुम्ही काय केलंत ते तुमच्यासमोर ठेवतो, पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते तुमच्याकडून ठरवून घेतो, आणि पंधरा दिवसांनी त्याचं काय झालं हे विचारायला विसरत नाही. ध्येय, सध्याची स्थिती, पर्याय, मग निश्चय हा क्रम ब्रिटनच्या जॉन व्हिटमोर यांच्यामुळे जगभर पोचला. बहुतेक कोच तो कुठल्या ना कुठल्या रूपात वापरतात. क्रम सोपा आहे. अवघड असतं ते दुसऱ्या पायरीवर टिकून राहणं, कारण मालक मंडळींना स्थिती सांगता सांगताच पर्यायांवर उडी मारायची सवय असते.

ते कसं चालतं ते जवळून बघा. समजा सोमवारी रात्रपाळीत टूल ऑफसेट (मशीनला दिलेलं हत्याराच्या जागेचं माप) चुकला आणि ४० पीसचे बोअर, म्हणजे आतली भोकं, मोठे झाले. मंगळवारच्या मीटिंगमध्ये आवाज चढला. गुरुवारी सत्र आहे.

"मीटिंगमध्ये तुमचं पहिलं वाक्य काय होतं? जसंच्या तसं सांगा."
"रात्री मशीनवर कोण होतं, असं विचारलं."
"मग?"
"सुपरवायझरने ऑपरेटरचं नाव सांगितलं."
"त्यानंतर कोण बोललं?"
"मीच. दहा मिनिटं असेन."
"ऑफसेटबद्दल कोणी काही सांगितलं?"
"नाही."
"पहिला खराब पीस किती वाजता निघाला होता?"
"ते विचारायचंच राहिलं."

इथे कोच थांबतो. चांगला कोच या क्षणी ओरडण्याचे दुष्परिणाम सांगत बसत नाही. साखळी तुम्हाला दिसायला लागलेली असते. पहिला प्रश्न 'कोण' असला की उत्तरात नाव येतं, कारण येत नाही. नाव घेतलेला ऑपरेटर पुढच्या वेळी खराब पीस ट्रेच्या तळाशी ठेवतो. मग तुम्हाला ते रात्री दोनला कळत नाही, ग्राहकाकडे माल पोचल्यावरच्या इनकमिंग तपासणीत कळतं, पैसे कापल्याची डेबिट नोट येते, आणि पुढच्या मीटिंगमध्ये आवाज आणखी चढतो. तुमचा क्वालिटी मॅनेजर या साखळीच्या मधोमध उभा होता: खालून त्याला माहिती मिळत नव्हती आणि वरून त्यालाच जाब विचारला जात होता.

यानंतरची वीस मिनिटं सत्रातली सगळ्यात उपयोगाची. पुढच्या मीटिंगचं पहिलं वाक्य काय असेल ते ठरवायचं, तोंडाने म्हणायचं, आणि कोच सुपरवायझर होऊन आडवंतिडवं उत्तर देतो तेव्हा तेच वाक्य टिकतं का ते बघायचं. उदाहरणार्थ: "पहिला खराब पीस कधी दिसला, आणि त्याआधी मशीनवर काय बदललं होतं?" संकल्प 'मी शांत राहीन' एवढाच असेल तर तो साडेआठला टिकत नाही. 'रिजेक्शनचा आकडा कानावर पडला, तर मी पेन उचलून मशीन नंबर लिहीन आणि मगच बोलेन' हा टिकण्याची शक्यता जास्त. 'असं झालं तर मी असं करीन' अशा जोडणीचा परिणाम मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी तपासला आहे. प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली की ऐन वेळी विचार करायची गरज कमी होते. सत्र संपताना हातात असा एकच प्रयोग असावा. कोच पाच प्रयोग देत असेल तर पाचही होणार नाहीत.

आता तुमच्या माणसांबद्दल. मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो आणि तुमच्या प्रस्तावात तो नाही. बंद खोलीत दोघांनी कितीही खोल चर्चा केली तरी कोचला मीटिंगची एकच बाजू कळते, तुमची. सुरुवातीलाच कोचने तुमच्याबरोबर काम करणाऱ्या आठ-नऊ जणांशी वेगवेगळं बोललं पाहिजे: भाऊ, सध्याचे मॅनेजर, दोन-तीन सुपरवायझर, स्टोअर, डिस्पॅच, आणि जमलं तर सोडून गेलेल्या दोघांपैकी एक. प्रत्येकी ३० ते ४० मिनिटं, कारखान्याबाहेर किंवा फोनवर, आणि मराठीत. कोच इंग्रजीत प्रश्न विचारणार असेल तर सुपरवायझर 'साहेब चांगले आहेत' एवढंच सांगून सुटेल.

मोठ्या कंपन्यांत यासाठी ३६० अंशांची, म्हणजे वरचे, बरोबरीचे आणि खालचे असे सगळे भरतात ती, ऑनलाइन प्रश्नावली वापरतात. तुमच्याकडे ती चालणार नाही. नऊच जण असतील तर कोणी काय लिहिलं ते शब्दांवरून ओळखू येतं, आणि हे त्या नऊ जणांनाही माहीत असतं. मुलाखतीतून आलेलंही गटाने मांडलं जावं. एखाद्या गटात तिघांपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांचं वेगळं दाखवायचं नाही, दुसऱ्या गटात मिसळायचं. भावाचं मात्र लपणार नाही. तो एकटाच भागीदार आहे, हे त्याला मुलाखतीआधी स्पष्ट सांगितलेलं बरं. प्रश्न साधे असतात: साहेबांचं काय चालू राहावं, कामात कुठे अडायला होतं, आणि एकच गोष्ट बदलली तर कोणती. दोन आठवड्यांनी कोच सगळ्याचा गोषवारा तुम्हाला समोर बसून वाचून दाखवतो. मेलवर पाठवून देत नाही.

तो दिवस जड जातो. त्या रात्री माणसाच्या डोक्यात एकच चक्र असतं: हे कोण म्हणालं असेल? शोधायला जाऊ नका. तुम्ही एकाला जरी विचारलंत, 'ते तू म्हणालास का', तरी पुढचे सहा महिने तुम्हाला फक्त गोड बातम्या मिळतील. अभिप्राय मिळाला की माणूस सुधारतोच असं नाही, हेही ध्यानात ठेवा. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायावरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उठून 'मी कसा माणूस आहे' यावर गेलं की परिणाम ओसरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गोषवाऱ्यात 'साहेब तापट आहेत' असं येत असेल तर कोचला सांगा, हे मला कृतीच्या भाषेत हवं आहे. 'साहेब वाक्य पुरं होऊ देत नाहीत' यावर काम करता येतं, 'तापट' यावर येत नाही.

त्यातून एक सवय निवडा, फार तर दोन. तुमच्यासाठी मी 'बोलणं मध्येच तोडणं' ही निवडीन. ओरडणं नाही. कारण तोडणं मोजता येतं, ते ओरडण्याच्या आधी घडतं, आणि ते घरीही होत असणार. निवडलेली सवय सगळ्यांना सांगा. मीटिंगमध्ये दोन मिनिटं पुरतात: "मी तुमचं बोलणं पुरं होऊ देत नाही, असं मला कळलंय. सहा महिने यावर काम करतोय. दर महिन्याला तुमच्यापैकी काही जणांना विचारीन. आजच्या कामात याने काही बदलत नाही." शेवटचं वाक्य वगळू नका. मालक अचानक गप्प बसायला लागला की शॉप फ्लोअरवर दोनच अंदाज निघतात: साहेब फार चिडलेत, किंवा कंपनी विकायला काढली आहे.

मग दर महिन्याला पाच-सहा जणांना, प्रत्येकी पाच मिनिटं. अमेरिकेतले कोच मार्शल गोल्डस्मिथ यांची सगळी पद्धत या पाठपुराव्यावर उभी आहे. त्यांनी हॉवर्ड मॉर्गन यांच्याबरोबर २००४ साली आठ कंपन्यांतल्या ८६,००० प्रतिसादांचा अभ्यास मांडला. ज्या अधिकाऱ्यांनी आपलं सुधारणेचं ध्येय सहकाऱ्यांना सांगितलं आणि परत परत विचारत राहिले, त्यांच्यात सहकाऱ्यांना बदल दिसला. ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यात जवळपास दिसलाच नाही. म्हणजे तुमच्या १२ सत्रांइतकीच किंमत या पाच-पाच मिनिटांची आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

विचारताना मात्र 'मी सुधारलो का?' असं विचारू नका. पहिले दोन महिने उत्तर ठरलेलं असतं: "नाही साहेब, ठीक आहे." त्याऐवजी पुढचं विचारा: "पुढच्या महिन्यात मीटिंगमध्ये मी एक गोष्ट वेगळी करायची ठरवली, तर कोणती करू?" मागच्या चुकीवर निकाल देण्यापेक्षा पुढची सूचना करणं खालच्या माणसाला सोपं जातं. सूचना आली की फक्त "लिहून घेतो" म्हणा. ती का शक्य नाही हे समजावायला लागलात की तुम्ही परत तोडलंत.

मोजमाप सुरू करण्याआधी दोन आठवड्यांचे आकडे घेऊन ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी नुसत्या आठवणींवर वाद होतील. एका मीटिंगमध्ये किती वेळा बोलणं तोडलं: याच्या रेघा भावाने किंवा सगळ्यात जुन्या सुपरवायझरने कागदावर ओढायच्या. रात्री आठनंतर कामाचे किती फोन आले आणि किती तुम्ही केले, ते वेगळे: हे मोबाइलमध्येच असतं. आणि तिसरा, मला सगळ्यात आवडणारा आकडा: पहिला खराब पीस निघाल्यापासून ते तुम्हाला कळेपर्यंत किती तास गेले. माणसं तुम्हाला भ्यायची कमी झाली की हा आकडा खाली येतो. रिजेक्शनचे टक्के किंवा उलाढाल कोचच्या खात्यावर मांडू नका. कास्टिंगचा लॉट वाईट आला किंवा ग्राहकाने शेड्यूल कापलं तर ते आकडे कोच असताना-नसताना बदलतात. उलट, सुरुवातीच्या दोन महिन्यांत नोंदलेलं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. लपवलेले पीस वर येत असतात तेव्हा. त्या दिवसांत संयम सुटला तर सगळं मुसळ केरात.

आता कोचची निवड. या व्यवसायाला आपल्याकडे सरकारी परवाना नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून प्रमाणपत्र बघायचं. १९९५ साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीसाठी, एसीसीसाठी, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसीसाठी १२५ आणि ५००, एमसीसीसाठी २०० आणि २,५००. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. फेडरेशनचं सदस्यत्व आणि प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. 'सदस्य आहे' एवढंच सांगणाऱ्याला पायरी विचारा आणि फेडरेशनच्या यादीत नाव बघून घ्या. तुमच्या कामाला मी पीसीसीच्या खाली जाणार नाही. पण प्रमाणपत्रावरून तास कळतात, तुमच्याशी सूर जुळेल का ते कळत नाही. म्हणून निदान तीन कोचना अर्धा-अर्धा तास भेटा. ही पहिली भेट सहसा विनामूल्य असते. त्यातली वीस मिनिटं माहितीत घालवू नका. खरा प्रसंग सांगा आणि म्हणा, आत्ताच यावर काम करू. पाच मिनिटांत सल्ला द्यायला लागला तर तो मनाने कन्सल्टंट आहे. अर्ध्या तासात ज्याच्या एका तरी प्रश्नाने तुम्हाला थांबून विचार करावा लागला, तो निवडा. त्याला हेही विचारा: कोणतं काम तुम्ही नाकारता? तुमचं स्वतःचं काम कोण तपासतं? उलाढाल दुप्पट करून देण्याची हमी, आधी महागडी व्यक्तिमत्त्व चाचणी विकणं, कोचिंगबरोबर भरती किंवा सॉफ्टवेअर गळ्यात मारणं: यातलं काहीही दिसलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

तुम्हाला सुचवलेला कोच ग्राहकाच्या कंपनीत काम करतो, ही बाब मी हलकी घेणार नाही. सत्रात तुम्ही क्षमतेच्या अडचणी बोलाल, भावाशी असलेले मतभेद बोलाल, दुसऱ्या ग्राहकाला काय भाव देता तेही ओघात येईल. कोच प्रामाणिक असला तरी समोर बसल्यावर तुम्ही तोलून-मापून बोलाल, आणि मग पैसे कशाचे? शिवाय वकिलाकडे बोललेल्याला कायद्याचं संरक्षण असतं, तसं कोचकडे बोललेल्याला नाही. जे आहे ते करारात आणि त्याच्या व्यावसायिक आचारसंहितेत. पर्चेस हेडचे आभार माना आणि ज्याचा तुमच्या कोणत्याही ग्राहकाशी, बँकेशी किंवा सीएशी व्यवहार नाही असा कोच घ्या.

करारात भाऊही येतो, कारण पैसे कंपनी देणार. तिघांनी एकदा एकत्र बसून लिहून काढा: भावाला निवडलेली सवय, सत्रं झाली की नाही, आणि महिन्याचे आकडे कळतील, सत्रात काय बोललं गेलं ते कळणार नाही. हे लिहिलेलं नसेल तर भाऊ एके दिवशी कोचला सहज फोन करतो, 'काय, दादा कसा चाललाय?', आणि कोचने सहज उत्तर दिलं की काम तिथेच संपतं.

पैशाचा हिशेब असा. ३,६०,००० भागिले १२, म्हणजे सत्राला ३०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६४,८००, एकूण ४,२४,८००. बिल कंपनीच्या नावावर असेल तर जीएसटीचं क्रेडिट मिळेल का ते सीएला विचारून घ्या. सगळे आगाऊ देऊ नका. तीन हप्ते मागा: सुरुवातीला, सहाव्या सत्रानंतर, आणि शेवटी. सहाव्यानंतर कारण न देता थांबण्याची मुभा दोन्ही बाजूंना असावी. मुलाखती आणि गोषवारा याच रकमेत बसवून घ्या; हे मान्य करताना कोच दोन सत्रं कमी करा म्हणाला तर आनंदाने करा. सत्रं पंधरवड्याला एक, कारखान्याबाहेर, फोन बंद. तुमच्या केबिनमध्ये घेतलीत तर दर दहा मिनिटांनी कोणीतरी दार ढकलेल. मार्च एंडला सुरुवात करू नका. लागोपाठ दोन सत्रं रद्द झाली की तिसरं आपोआप रद्द होतं. म्हणून 'दोनदा रद्द केलं तर त्याचे पैसे द्यावे लागतील' ही अट तुम्ही स्वतःच घालून घ्या.

किती दिवसांत जमेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिसऱ्या महिन्यात विचाराल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४. तेही पाणी पिणं, फळ खाणं, चालायला जाणं असल्या साध्या सवयींना. तिसऱ्या महिन्यात, ऑर्डरचा लोंढा आला की तुमचा आवाज पुन्हा चढेल हे गृहीत धरा. त्याच दिवशी संध्याकाळी त्या माणसाकडे जाऊन म्हणा, "सकाळी तुमचं बोलणं तोडलं, आता सांगा." हे केलंत तर सकाळचं नुकसान बरंचसं भरून निघतं.

कामगार काय म्हणतील? तुम्ही लपवलंत तर काहीही म्हणतील. वर सांगितलेली दोन मिनिटं बोललात तर पहिला आठवडा कुजबुज होईल, मग ते बघायला लागतील की साहेब बोलल्याप्रमाणे वागतात का. २००१ साली गुगलची सूत्रं हाती घेतलेल्या एरिक श्मिट यांना गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी कोच घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनाही ते आवडलं नव्हतं. आपण अनुभवी सीईओ, आपल्यात काय कमी आहे, असं त्यांना वाटलं. कोच होते बिल कॅम्पबेल, एकेकाळचे कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. पुढे २००९ साली श्मिट यांनी, मिळालेला सर्वोत्तम सल्ला कोणता, या प्रश्नाला 'कोच घ्या' हेच उत्तर दिलं. कमजोर माणसाला कोच लागतो, ही समजूत त्यांच्याबाबतीत तरी खरी ठरली नाही.

पहाटे तीनची जाग मात्र मी वेगळी काढतो. ती आठवड्यातून तीन-चार वेळा, कित्येक आठवडे येत असेल, त्याबरोबर जेवण उडालं असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासून घ्या आणि मनाबद्दलही मोकळं बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. कोच हा उपचार करणारा माणूस नाही. पहिल्याच भेटीत त्याला झोपेचं सांगा. त्याने 'ते आपण सत्रात बघू' म्हटलं तर तो कोच घेऊ नका, 'डॉक्टरांना भेटलात का?' म्हटलं तर घ्या.

घराबद्दल माझं मत असं: तुमच्या पत्नीची मुलाखत कोचने घेऊ नये. घर कारखान्याच्या अहवालात जाऊ नये. पण 'पुढच्या महिन्यात कोणती एक गोष्ट वेगळी करू' हा प्रश्न दर महिन्याला त्यांना तुम्ही स्वतः विचारा, आणि उत्तर ऐकताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. खर्चाचा कागद नीट चालायला लागला की आठनंतरचे निम्मे फोन येणारच नाहीत. उरलेल्यांसाठी एक ठरवा: रात्रपाळीला एक माणूस, आणि तुम्हाला उठवण्याची तीनच कारणं – अपघात, आग, लाइन थांबलेल्या ग्राहकाचा निरोप.

एवढे पैसे आत्ता घालवायचे नसतील तर निमा किंवा आयमा या नाशिक-अंबडच्या उद्योजकांच्या संघटनांमध्ये तुमच्याएवढ्याच शॉपचा, तुमच्याशी स्पर्धा नसलेला एखादा मालक शोधा. पंधरवड्याला एक तास, अर्धा तास त्याचा प्रसंग, अर्धा तुमचा. नियम एकच: सल्ला द्यायचा नाही, फक्त काय घडलं आणि पुढच्या वेळी काय करणार एवढंच विचारायचं. प्रशिक्षित कोचची सर याला येणार नाही, आणि मुलाखती कोणी घेणार नाही. पण निवडलेली सवय, भावाच्या रेघा आणि महिन्याची विचारणा तुमच्याच हातात आहे. तीन महिने हे करून बघा. रेघा कमी झाल्या नाहीत तर कोचला पैसे द्यायची वेळ आली असं समजा, आणि पहिल्या भेटीला जाताना ते कागद बरोबर न्या.